चार पाय उलटे

खानापूरच्या स्टँडवर त्या सकाळी मला सोडायला आप्पा एकटेच आले होते. आई घराच्या दारातूनच मागे फिरली, स्टँडवरच्या बायकांसमोर तिला रडायचं नव्हतं. आप्पांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, पण कानावरची पेन्सिल काढायची विसरले होते. मी बेळगावच्या बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो. आप्पांनी बाहेरून माझा हात धरला, तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "मऊ आहे." एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ मारुती मात्र आला नाही. एका लग्नघरचं दार त्याच दिवशी द्यायचं होतं. आप्पा मला सोडायला निघाले म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा रंधा मारुतीच्या हातात दिला. "मी येईपर्यंत फळी साफ करून ठेव," म्हणाले. सोळा वर्षांचा होता तो. माझ्या खिशात बेंगळूरच्या नोकरीचं पत्र होतं, गल्लीतला पहिला इंजिनियर होतो मी, चार घरांतून शेंगदाण्याचे लाडू आले होते. आणि बस सुटली तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, सांगू? रंधा आत्ता मारुतीच्या हातात आहे. बास. दुसरं काही नाही.

तुम्ही तिकडे राहिलेली माणसं मला भेटलात की एकच म्हणता. "सदा, तुझं बरं झालं. मारुती बिचारा अडकला." बिचारा! बावीस वर्षं मी हे ऐकतोय आणि मान डोलावतोय. आज लिहून पाठवूनच टाकतो. मी त्या बिचाऱ्यावर जळतो. चांगला खरपूस जळतो.

आमचं घर सुताराचं. माडीवर आम्ही राहायचो, खाली कारखाना. मी शाळेत बरा निघालो आणि तिथंच फसलो. सहावीत असताना एकदा आप्पा जेवायला वर गेलेले बघून मी त्यांची पटाशी घेतली आणि एका पाटाच्या पायाची खाच पाडून ठेवली. आप्पा आले, खाच बघितली. बराच वेळ बघत राहिले. बोटानं चाचपली. मग माझ्याकडे न बघता आईला वर हाक मारून म्हणाले, "याला खाली येऊ देऊ नकोस." मला वाटलं, मी लाकूड नासलं. त्या दिवसापासून मला कारखाना बंद. पुढं मारुतीला गणित येईना म्हणून त्याला कारखाना उघडा. अशी आमच्या घरची वाटणी झाली, आणि सगळ्या खानापुरानं ठरवून टाकलं की मोठ्याचं नशीब फळफळलं.

बेंगळुरात मी आधी येलहंक्याला दोघांत एक खोली घेऊन राहिलो, आता तिथंच दोन गल्ल्या सोडून स्वतःचं लहानसं घर आहे. ऑफिस हेब्बाळला. सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. बायको नीता म्हणते, काम सुटलं तरी खोड सुटत नाही. ऑफिसात हिंदी, रिक्षात कन्नड, घरात मराठी. पुण्याहून आलेली पोरं माझं मराठी ऐकून हसतात आणि मी 'जरा'ऐवजी 'स्वल्प थांब' म्हटलं की आणखी हसतात. हसू देत. रिक्षावाल्याशी भांडायची वेळ आली की मलाच पुढे करतात.

मारुती घरच्या ग्रुपवर त्याच्या कामाचे फोटो टाकतो. देवघर, पाळणा, जिना. खाली सगळ्यांचे हात जोडलेले, अंगठे वर. मीही अंगठा टाकतो. मग फोटो मोठा करतो, आणखी मोठा करतो आणि सांध्यात कुठं फट आहे का बघतो. सापडत नाही. खंडेनवमीला कारखान्यातल्या हत्यारांची पूजा असते, त्याचा फोटो येतो. करवती, पटाश्या, रंधे ओळीनं, झेंडूची फुलं, मागं आप्पा आणि मारुती. मी त्या दिवशी ऑफिसात लॅपटॉपला हळद-कुंकू लावतो आणि चुरमुऱ्याचा पुडा घेऊन घरी येतो. त्या फोटोत मी नाही याचं दुःख होतं, हे मी नीतालाही सांगितलेलं नव्हतं.

मागल्या वर्षी आमच्या समोरचे राव अण्णा एक दिवस म्हणाले, "मल्लेश्वरमचं आमचं जुनं घर पाडायलेत. लाकूड बेकू का, पाहिजे का तुम्हाला?" रावांचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही धड माहीत नाही. मराठी बोलतात, पण त्यातलं अर्धं कन्नड असतं. मी गेलो बघायला. घराचं छप्पर उतरवलेलं, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली दाराची एक चौकट. सागवानी. बोटभर धूळ होती, पण नखानं ओरखडा काढला तर आत मधासारखं लाकूड. शेजारी एक मोडका पलंग. मी काही विचार न करता टेम्पो बोलावला. "स्वल्प हळू उचला अण्णा," राव मागून सांगत होते, "अज्जाच्या काळची आहे ती."

नीतानं विचारलं, "याचं करणार काय?"

"कामाचं टेबल. सुताराचं."

"कुठला सुतार?"

 तोच तर प्रश्न होता.

पुढचे सहा महिने माझे रविवार गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथं मी मांडामांड केली. शिकलो मोबाईलवर बघून, परदेशातल्या एका दाढीवाल्याकडून. आप्पा जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्यात धरून काम करणारे. मारुतीनं उभ्यानं काम करायचं टेबल केलंय, ते मी फोटोत पाहिलं होतं. मलाही तसंच पाहिजे होतं. नाही, खोटं कशाला, त्याच्याहून चांगलं पाहिजे होतं. पलंगाच्या फळ्या जोडून वरचा भाग केला. आमच्या जुन्या जेवणाच्या टेबलाच्या पट्ट्या आडव्या घातल्या. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू कापून चार पाय केले. चौकटीची खालची टोकं ओल लागून लागून जरा कुजली होती. मी इंजिनियर माणूस, हिशेब केला: कुजका भाग तासून वरच्या बाजूला घ्यायचा, फळीखाली झाकला जाईल, आणि घट्ट, निरोगी टोक खाली जमिनीवर, वजन पेलायला. वरच्या तुकड्यांचे दोन पायही त्याच दिशेनं लावले आणि माझ्याच अकलेवर मी खूश झालो.

हे सगळं कोणासाठी, तर आप्पांसाठी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशन बेंगळुरात करायचं ठरलं होतं. ते येणार, गच्चीवर जाणार, टेबलावर हात ठेवणार आणि म्हणणार, बरं झालंय. दोनच शब्द. मारुतीला त्यांनी ते कितीदा म्हटले असतील कोण जाणे. मला एकदा पाहिजे होते. पंचेचाळिशीच्या माणसाला अशी हाव शोभत नाही, पण होती.

आप्पा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी त्यांना हाताला धरून वर नेलं. त्यांना समोरचं माणूस म्हणजे नुसता आकार दिसायचा. त्यांनी आधी फळीवरून हात फिरवला. मग कष्टानं खाली बसले आणि एका पायावरून बोटं वर नेली, खाली आणली. एका गाठीवर बोट थांबलं. मग दुसरा पाय, तिसरा, चौथा. 

"चारी पाय उलटे आहेत," आप्पा म्हणाले.

मला कळेचना. आप्पांनी माझा हात ओढून त्या गाठीवर ठेवला. "फांदी फुटते ती वर जाते. ही बघ, खाली चाललीय. बुंधा वर आणि शेंडा खाली केलायस. झाड डोक्यावर उभं केलंस रे."

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडे खांब असो, चौकट असो, साधा पाय असो, झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं करतात. बुंध्याकडचं टोक जमिनीकडं. हे कोणी शिकवत नाही, कारखान्यात बसणाऱ्याला ते आपोआप माहीत असतं. रावांच्या अज्जाच्या सुतारानंही ती चौकट तशीच बसवली होती, बुंधा खाली, आणि म्हणूनच खालचं टोक ओलीनं कुजलं होतं. दाढीवाल्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

मी चिडलो. "आप्पा, लाकडाला काय कळतंय, वर काय आणि खाली काय?"

"लाकडाला नाही कळत. करणाऱ्याला कळायला पाहिजे," आप्पा म्हणाले. आणि गुडघ्यावर हात टेकून उठता उठता पुढं म्हणाले, "मारुतीला बोलाव."

मारुती ऑपरेशनसाठी येणारच होता, तो दोन दिवस आधी आला, हत्यारांची पिशवी घेऊन. आल्या आल्या टेबल बघितलं, हसला नाही, उलट म्हणाला, "दादा, फळ्या झक्कास जोडल्यास की." त्याचा तो चांगुलपणा मला सगळ्यात जास्त झोंबला. स्वयंपाकघराचं दार तीन वर्षं घासत होतं. त्यानं पाणी प्यायला जाता जाता ते काढलं, खालून रंध्याचे दोन हात मारले आणि परत बसवलं. नीता नुसती बघत राहिली. संध्याकाळपर्यंत समोरून राव अण्णा आले, आमचीही एक खिडकी बघाल का म्हणून. माझ्या गल्लीत, माझ्या शेजाऱ्यांत, माझ्या बायकोसमोर हा माणूस एका दिवसात राजा झाला. मी हसऱ्या चेहऱ्यानं चहा देत फिरत होतो.

आणि आप्पा. आप्पा गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. मारुती काम करायचा. आप्पा खाकरले की मारुती करवतीची पकड बदलायचा. आप्पांनी नुसती मान वळवली की तो थांबायचा. दोघांत दिवसभर दहा शब्द होत नव्हते. मी तिथं स्टूलवर बसलेला, मोठा मुलगा, घराचा मालक, आणि मला त्या दोघांचं काय चाललंय ते कळत नव्हतं. आप्पा माझ्याशी भरपूर बोलतात. ऑफिस कसं आहे, ट्रॅफिक किती, पाणी येतं का. पाहुण्याशी बोलावं तसं.

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. त्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा; दुसऱ्या डोळ्याला तर आधीच दिसत नव्हतं. आप्पांनी हट्ट धरला की मला गच्चीवरच बसवा, खाली करमत नाही. मारुतीनं एका सकाळी तीन पाय काढले, सरळ केले, वरची टोकं नव्यानं तासली आणि बसवले. टेबल दोन बोटं बुटकं झालं. चौथा पाय राहिला असताना राव अण्णांची हाक आली, खिडकीसाठी. मारुती गेला.

मी तो चौथा पाय हातात घेतला. सहज. पटाशी त्याची तिथंच होती. मोगरीनं एक हलका ठोका घातला.

"मारुती?" आप्पा म्हणाले.

आम्हा दोघांचे आवाज फोनवर सगळ्यांना सारखेच वाटतात. शिवाय यंत्राच्या करवतीनं आप्पांचे कान अर्धे गेलेले. मी म्हणालो, "हूं."

का म्हणालो? मी ठरवून काही केलं नाही. पण एकदा म्हटल्यावर मागे घ्यावंसंही वाटलं नाही. आप्पा खुर्चीत जरा सैल बसले. माझ्याशी बोलताना बसतात तसे नाही, पाय पसरून.

"पाजळलीयस का नीट? आवाज बोथट येतोय. जोर नको, वजन टाक." मी वजन टाकलं. "हां. आता कडेनं घे. घाई कसली झालीय तुला? सगळं जन्मभर घाईत." मी हळू झालो. त्यांनी मला शिव्या घातल्या, गाढव म्हणाले, मेल्या म्हणाले. आप्पांनी मला जन्मात कधी गाढव म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून तासत होतो आणि सुखानं डोळ्यांत पाणी आलं होतं. मारुतीनं तीन पाय एका सकाळीत बसवले. मी एका पायाला अख्खी दुपार घातली. बसवून बघायचं, काढायचं, कागदाएवढं तासायचं, परत बसवायचं. शेवटी तो आत गेला तेव्हा आवाजच वेगळा आला. आप्पांनी मान हलवली.

मग ते बोलायला लागले. "आता कसं बसलं. असा हात ठेवत जा की. तुला कितीदा सांगितलंय, सदाचा हात बघायला पाहिजे होता तू. सहावीत होता, पाटाची खाच पाडली होती त्यानं. माझ्या बापाला तशी जमली नसती. एवढंसं पोर! म्हणून तर त्याला खाली येऊ दिला नाही. एकदा बसला असता तर उठला नसता, आणि या धंद्यात दोघांचं पोट कुठलं भरणार? तुझा हात बेताचा, पण तू राहिलास. सदाचा हात असता तर..." आणि त्यांनी हात हवेत उडवला. नवीन काही सांगतोय असा त्यांचा सूरच नव्हता. रोज जेवताना म्हणावं, भाजीत मीठ कमी आहे, तसं सांगत होते.

मी वर बघितलं. जिन्याच्या दारात मारुती उभा होता. कधीपासून होता माहीत नाही. त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि मला खाली यायची खूण केली.

खाली स्वयंपाकघरात तो म्हणाला, "आता तूही ऐकलंस तर. मला पाठ आहे ते सगळं. दार केलं की ऐकायचं, देवघर केलं की ऐकायचं. गिऱ्हाइकासमोरसुद्धा." त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "दादा, तुला राग येईल, पण सांगतो. तू लहानपणी एखादं लाकूड नासलं असतंस ना, तर माझं बरं झालं असतं."

मला राग आला नाही.  ज्याच्यावर मी बावीस वर्षं जळत होतो, तो बावीस वर्षं माझ्याच एका खाचेखाली दबून काम करत होता. आणि तरी, इतकं कळूनही, मनातल्या मनात मी ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतो: माझ्या बापाला तशी जमली नसती. माझ्या बापाला तशी जमली नसती. लाज वाटली, पण थांबवता आलं नाही.

आठ दिवसांनी पट्टी निघाली. आप्पांना दिसायला लागलं. घरी आल्या आल्या म्हणाले, वर चला. आम्ही दोघं त्यांच्या मागं गेलो. त्यांनी टेबल हलवून बघितलं, हललं नाही. एक डोळा मिटून एकेक पाय निरखला. तिसऱ्यापर्यंत नुसतं हूं, हूं. चौथ्यापाशी थांबले. नख घालून बघितलं, नख आत जाईना. वळले आणि विचारलं, "हा कोणी बसवला?"

आमच्या दोघांकडे बघत होते ते, नव्या डोळ्यानं. म्हणजे त्यांना फरक दिसला होता. मारुतीनं माझ्याकडे बघितलं. तो 'दादानं' म्हणणारच होता, ओठ हलले होते त्याचे. मी सहा महिने, नव्हे, सहावीपासून ज्याची वाट बघत होतो ते माझ्यापासून एका शब्दावर उभं होतं.

"मारुतीनं," मी म्हणालो.

आप्पा मारुतीकडे गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जमलं की रे तुला." मारुतीनं मान खाली घातली. चाळीस वर्षांचा होत आलेला बाप्या, नाक ओढत गच्चीच्या कठड्याकडे निघून गेला. आप्पा त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "चल, चहा टाकायला सांग."

आता ते दोघं खानापुरात आहेत आणि मी इथं. गच्चीवरच्या टेबलावर मी हळूहळू काहीबाही करतो. आम्ही गाव सोडून आलेली माणसं इथं बसलो की विषय निघतो, घर म्हणजे कुठलं? हप्ते फेडतो ते, की जिथं जन्मलो ते? मला आता एवढंच वाटतं की मी नसताना जिथं माझं नाव रोज निघतं, ते माझं घर. आणि तिथं राहून ते नाव रोज कोणाला तरी ऐकून घ्यावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

मारुती म्हणतो, त्या दिवसापासून आप्पा तुझ्या खाचेचं काढत नाहीत. चांगलं झालं. पण मी मोठ्या मनाचा आहे असं कोणी समजू नका. त्याच्या पाठीवरचा तो हात मला अजून दिसतो आणि अजून माझ्या अंगाची आग होते. चौथा पाय मी बसवला होता. मारुती, एवढं आप्पांना वाचून दाखवू नकोस.